अठ्ठावन्नावं वाक्य

सिद्धेश्वरीनं सगळा बेत आधीच पक्का करून ठेवला होता. एकशे वीस वाक्यं, एका वाक्याला दीड मिनिट, म्हणजे तीन तास. रविवारी दुपारी दीडला बसायचं, साडेचारला उठायचं, वाटेत उसाचा रस प्यायचा आणि पाचच्या आत घरी. वर्गातल्या बाकीच्या पोरी महिनाभर गावोगाव फिरत होत्या. कुणी टेंभुर्णीला, कुणी करमाळ्याला. "तुम्ही भाषा शोधत फिरा," ती त्यांना म्हणाली होती, "माझी भाषा माझ्या आत्याच्या घरी जेवून बसलेली असते."

ती बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती आणि भाषाविज्ञान हा तिचा मेजर विषय होता. तिचे वडील विरुपाक्ष यांचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते गिऱ्हाइकांना "पोरगी मेजर करतीय" असं सांगायचे, आणि निम्मी गिऱ्हाइकं ती मिलिटरीत गेली असं समजून निघून जायची. विरुपाक्ष त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. भाषाविज्ञान म्हणजे काय ते समजावून सांगण्यापेक्षा मिलिटरी बरी, असं त्यांचं मत होतं.

फील्ड प्रोजेक्टचा विषय होता 'घरची बोली'. मॅडमनी मराठी वाक्यांची एक यादी दिली होती. घरात किंवा नात्यात वेगळी भाषा बोलणारं वयस्कर माणूस गाठायचं, एकेक वाक्य मराठीत सांगायचं, त्यांनी ते आपल्या बोलीत म्हणायचं, आपण नोंदवायचं आणि नंतर त्यावरून व्याकरण मांडायचं. सिद्धेश्वरीच्या वडिलांकडची बोली कन्नड. तिला स्वतःला मात्र जेवण, ये, जा आणि रागावण्याचे चार शब्द एवढीच कन्नड येत होती. आई लातूरकडची, घरात मराठी. पण त्याचीही तिला फिकीर नव्हती. आधी आवाज नोंदवून घ्यायचा, अर्थ नंतर अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारायचा.

आत्या म्हणजे पार्वतम्मा, विरुपाक्षांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. दुधनीच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या एका खेड्यात जन्म, लग्नानंतर सगळं आयुष्य दुधनीत. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि मुलगा सोमलिंग आईला सोलापुरात आपल्या घरी घेऊन आला. त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं, मुलगी पुण्याला शिकत होती, जुळे सोलापूर या भागात बैठं घर होतं. त्याची बायको शिवलीला करमाळ्याची, माहेरीही मराठीच बोलणारी. आत्या या घरात आल्यापासून कुणाच्या अध्यात ना मध्यात. विचारलं तर "व्हय", वाढलं तर "बास", झोपताना "लाइट घाल की" म्हणजे दिवा बंद कर. सगळं नातं म्हणायचं, पार्वतम्मा किती गरीब स्वभावाची.

मार्चचा महिना होता आणि ऊन आत्ताच चाळीसच्या वर गेलं होतं. सोमलिंग सकाळीच टेंभुर्णीला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. शिवलीलानं शेंगापोळ्या केल्या होत्या. आत्यानं दोन खाल्ल्या, सिद्धेश्वरीनं चार. मग शिवलीला डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत कूलर लावून झोपली. कूलरचा आवाज नोंदीत येईल म्हणून सिद्धेश्वरीनं आत्याला मागच्या पडवीत आणलं. पडवीला शेजारच्या घराची भिंत लागून होती, सावली होती, आणि पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. तिनं मोबाइल स्टुलावर ठेवला, कानाला हेडफोन लावला आणि संमतिपत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे काय, आत्या, तू जे बोलशील ते फक्त अभ्यासासाठी. माझ्या मॅडमशिवाय दुसरं कुणी ऐकणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

आत्यानं चष्मा घालून, एकेक अक्षर सावकाश काढत कन्नडमध्ये सही केली.

अडचण तिसऱ्या वाक्याला आली. वाक्य होतं, 'शेतकऱ्यानं बैल विकला.'

"किती दाती हुता?" आत्यानं विचारलं.

"कोण?"

"बैल."

"आत्या, बैल नाहीये. वाक्य आहे."

दात मोजून वय ठरवल्याशिवायच आत्यानं नाइलाजानं बैल विकला. पण अकराव्या वाक्याला ती अडून बसली. 'मुलानं आईला मारलं.'

"कुनाच्या?"

"कुणाच्याच नाही गं. कर्ता आणि कर्म बघायचंय फक्त."

"उगंच कसं मारंल? कायतरी झालं असंल की."

"काही झालेलं नाही."

"मग लई वाईट पोरगा हाय."

या पोरावर दहा मिनिटं गेली. सव्वादोन वाजले तेव्हा अकरा वाक्यं झाली होती आणि एकशे नऊ बाकी होती. सिद्धेश्वरीला घाम फुटला. तेव्हा तिला युक्ती सुचली. आत्याला परकी माणसं दिली की ती त्यांची चौकशी करते. मग परकी माणसं नकोतच.

"आत्या, असं समज, सगळं तुझंच आहे. मुलगा म्हटलं की तुझा मुलगा, सून म्हटलं की तुझी सून. 'मी' म्हणून सांगायचं. खरं काही नाही, नुसतं म्हणायचं. आणि प्रत्येक वाक्य तीनदा, सावकाश."

"माजं म्हनून सांगायचं व्हय? मग सोपं हाय."

आणि खरंच सोपं झालं. वाक्यं भराभर सुटू लागली. आत्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळं तिचा स्वतःचा आवाज खणखणीत. सिद्धेश्वरी मात्र मराठी वाक्य तिच्या कानाशी वाकून हळूच सांगायची, कारण आपला आवाज नोंदीत फार येऊ नये असं मॅडमनी बजावलं होतं. अधूनमधून आत्या यादीपेक्षा जास्त बोलायची. अठ्ठावन्नाव्या वाक्याला तर ती दोन-अडीच मिनिटं बोलली. सिद्धेश्वरी मान डोलवत राहिली, आणि ते संपल्यावर तिनं यादीच्या कडेला पेन्सिलनं लिहिलं : 'नकारार्थी वाक्य कन्नडमध्ये फार लांब होतं. महत्त्वाचं. तपासणे.' आपल्याला काहीतरी सापडलं म्हणून तिला मनातून बरं वाटलं.

भिंतीपलीकडे कल्लप्पा राहायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, कन्नड त्यांच्या आईची भाषा. शेजारच्या म्हातारीला त्यांनी तीन वर्षांत फार तर दहा वेळा पाहिलं होतं आणि तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्या दुपारी ते टीव्हीपुढं डुलक्या घेत होते. भिंतीपलीकडून कन्नड ऐकू आलं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

"नन्न सोसी नंग ऊटा कोडलिल्ल." माझ्या सुनेनं मला जेवण दिलं नाही.

एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी सावकाश, शब्द न शब्द सुटा करून. कल्लप्पांनी टीव्ही बंद केला.

"नन्न मगा नन्न होडदा." माझ्या मुलानं मला मारलं. तीनदा.

कल्लप्पा उठून भिंतीशी आले. तीस वर्षं त्यांनी गाडीतली रडणारी, भांडणारी, पळून चाललेली माणसं पाहिली होती. पण एवढ्या शांतपणे दुःख सांगणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. रडणं नाही, शिव्या नाहीत. भिंतीला सांगावं तसं सांगतेय.

"ना बाव्याग बीळतीनि." मी विहिरीत पडते.

हेही तीनदा झालं, तेव्हा कल्लप्पा चप्पल न घालता बाहेर पळाले. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक जुनी विहीर होती. तिच्यावर लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप होतं. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, दोनदा ओढून पाहिलं, तळपाय भाजत होते म्हणून एका पायावर उभं राहून ओढून पाहिलं, आणि मग जरा जीव भांड्यात पडून ते घरी आले. पार्वतम्मा इथं राहायला आल्या तेव्हा विरुपाक्षांनी कल्लप्पांकडे आपला नंबर देऊन ठेवला होता. तो त्यांनी लावला.

"पावणं, मी कुणाच्या घरच्या भांडणात पडत नाही," कल्लप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी काही सांगत पण नाही. तुम्हीच ऐका." आणि त्यांनी मोबाइल भिंतीवर धरला.

यादीतलं साठावं वाक्य त्या वेळी चाललं होतं : 'त्यांनी मला घराबाहेर काढलं.' विरुपाक्षांनी जवळच्याच आपल्या दुकानात उभ्या उभ्या आपल्या बहिणीचा आवाज ऐकला. लहानपणी याच आवाजानं त्यांना शाळेत धाडलं होतं. तिसऱ्यांदा ऐकायला ते थांबले नाहीत.

निघता निघता त्यांनी भाच्याला फोन केला. सोमलिंग टेंभुर्णीहून परतीच्या वाटेवर होता.

"तू माणूस आहेस का?" मामांनी विचारलं आणि फोन ठेवला.

सोमलिंगनं गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन लावला. शिवलीला झोपेतून उठली.

"आईला जेवायला दिलंस का?"

"दिलं की. दोन पोळ्या खाल्ल्या. का हो?"

"मामा असं का बोलले मग? तू काही बोललीस का आईला?"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. तिनं फोन ठेवला, कपाटावरची बॅग खाली काढली आणि करमाळ्याला जायला साड्या भरायला लागली. पडवीत सिद्धेश्वरीच्या कानाला हेडफोन होता. तिला यातलं काही म्हणता काही कळलं नाही. ती त्रेसष्टाव्या वाक्यावर होती आणि वेळ भरून निघतेय म्हणून खुशीत होती.

पुढचं दार धाडकन उघडलं. विरुपाक्ष सरळ पडवीत आले, मागोमाग अनवाणी कल्लप्पा. विरुपाक्षांनी बहिणीचा हात धरला. त्यांचा श्वास लागला होता.

"अक्का, ऊठ. माझ्या घरी चल. एक मिनिट इथं थांबायचं नाही."

आत्यानं भावाकडं पाहिलं. मग भाचीकडं वळून तिनं विचारलं, "हे पण तीनदा म्हनायचं का?"

साडेपाचला सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. सोमलिंग आला होता आणि दाराजवळ उभाच होता. शिवलीला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून होती, तिची भरलेली बॅग पायाशी होती. विरुपाक्ष आणि कल्लप्पा कन्नडमधून बोलत होते आणि मधेच तिच्याकडं बघत होते. तिला त्यातलं 'सोसी' एवढंच कळत होतं.

सिद्धेश्वरीनं चौथ्यांदा सांगितलं की ही सगळी वाक्यं कॉलेजच्या यादीतली आहेत.

"कॉलेजात असली वाक्यं?" विरुपाक्ष म्हणाले. "विहिरीत पडते? कुठल्या मास्तरनं शिकवलं हे?"

"अप्पा, सप्तमी बघायला. विहीर, विहिरीत. शिकवलं नाही, विचारलं."

"आणि सुनेनं जेवायला दिलं नाही ते?"

"तो नकार."

"बघा, नकार दिला म्हणतेय," कल्लप्पा म्हणाले.

शेवटी सिद्धेश्वरीनं यादी टेबलावर पसरली आणि मोबाइलचा आवाज मोठा केला. "आत्या बोलेल ते अप्पांनी मराठीत सांगायचं. यादीत बघायचं. जुळतंय की नाही ते तुम्हीच ठरवा."

आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिनं हात जरासा वर केला, काहीतरी म्हणायला. पण सिद्धेश्वरीचं लक्ष नव्हतं.

एक्केचाळीस जुळलं. बेचाळीस जुळलं. सत्तेचाळीसला सुनेनं जेवण दिलं नाही. लगेच अठ्ठेचाळीसला सुनेनं जेवण दिलं, एकोणपन्नासला सून जेवण देईल आणि पन्नासला सुनेनं जेवण द्यावं. विरुपाक्षांचा चेहरा सैल पडत गेला. सोमलिंग भिंतीला टेकून खाली बसला. बावन्नाला विहीर आली आणि कल्लप्पांनी आपल्या तळपायाकडं पाहिलं. विरुपाक्ष हसायला लागले. मग सोमलिंग हसला. शिवलीला पदरानं डोळे पुसत हसली आणि बॅग पायानं मागं सारली.

"बास कर आता," विरुपाक्ष म्हणाले. "कळलं. चहा टाका सूनबाई, आमचं डोकं फिरलं होतं."

तेवढ्यावर थांबायला काही हरकत नव्हती. पण सिद्धेश्वरी जिंकत होती. पहिल्यांदाच तिचा विषय घरच्यांच्या कामाला आला होता. "नाही अप्पा, सगळं ऐका. उगाच कुणाच्या मनात काही राहायला नको."

अठ्ठावन्न लागलं.

"नन जोडी यारू माताडलिल्ल," आत्याचा आवाज म्हणाला. माझ्याशी कोणी बोललं नाही. यादीत तेच होतं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा शेवटचा शब्द बदलला. "नन जोडी यारू माताडंगिल्ल." माझ्याशी कोणी बोलत नाही. आणि मग आवाज थांबला नाही. तो खाली आला, मऊ झाला आणि बोलत राहिला.

विरुपाक्षांनी अर्थ सांगायचं थांबवलं. कल्लप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. सोमलिंगनं मान खाली घातली. खोलीत फक्त तो आवाज होता. दोन-अडीच मिनिटं. तो संपला आणि त्याच्यामागून स्पष्ट, उत्साही आवाज आला, सिद्धेश्वरीचा स्वतःचा :

"छान. आता एकोणसाठावं."

तिनं घाईघाईनं मोबाइल बंद केला. खाली यादीच्या कडेला तिचं पेन्सिलीचं टिपण होतं. तिनं त्याच्यावर तळहात ठेवला.

"हे यादीत आहे?" विरुपाक्षांनी विचारलं.

"पहिलं वाक्य आहे, अप्पा. पुढचं नाही."

"काय म्हणाल्या त्या?" शिवलीलानं विचारलं. "मला सांगा ना कुणीतरी. माझ्याबद्दल आहे का?"

मामांनी भाच्याकडं पाहिलं. सोमलिंगनं घसा साफ केला. आईचं कन्नड मराठीत करायची वेळ त्याच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. तो अडखळत, एकेक वाक्य लावत सांगायला लागला.

"ती म्हणते... सून चांगली आहे. गरम वाढते. मुलगा औषधं आणतो. पण दुधनीत सकाळी अंगण झाडायला निघाले की पलीकडून गौरव्वा हाक मारायची, आणि मग... मग दुपारपर्यंत आमचं तोंड मिटायचं नाही. मी बोलायला लागले की बायका हातातलं काम टाकून... टाकून..." तो अडला. एक शब्द त्याला लागला नव्हता. त्यानं आईकडं पाहिलं.

"पोट धरून," आत्या कोपऱ्यातून म्हणाली.

"पोट धरून हसायच्या. इथं मला मराठी कामापुरतं येतं, 'व्हय' येतं आणि 'बास' येतं. तेवढ्यात काय सांगणार? लोक म्हणतात पार्वतम्मा गरीब आहे. मी गरीब नाही. मी..." सोमलिंग पुन्हा थांबला. या वेळी शब्द अडला नव्हता. "मी गप्प माणूस नाही, म्हणते. मला इथं भाषा नाही."

मग आत्याच बोलली, आणि मराठीत बोलली, म्हणजे ते सिद्धेश्वरीसाठी होतं.

"तू म्हनालीस, मॅडमबगर कुनी ऐकनार न्हाय."

"आत्या, मी..."

"सही घेतलीस की माजी."

जवळजवळ तीन वर्षं सिद्धेश्वरी स्वर, व्यंजनं, विभक्ती, नकार सगळं शिकली होती, आणि समोरचं माणूस अडीच मिनिटं काय सांगतंय ते तिनं ऐकलं नव्हतं. घरच्यांनी तिला सावरून घेतलं असतं. पण आत्यानं घेतलं नाही, आणि तेच बरोबर होतं असं तिला तेव्हाही वाटलं.

शिवलीला चौकटीपासून पुढं आली. "मला वाटायचं, त्यांनाच माझ्याशी बोलायचं नसतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तीन वर्षं मला तसंच वाटत होतं. हे त्यांना सांगा." मराठी आत्याला कळत होतं, तरी सोमलिंगनं ते कन्नडमध्ये सांगितलं. फार वाईट सांगितलं असावं, कारण आत्यानं मधेच त्याला थांबवून एक क्रियापद दुरुस्त केलं.

मग ती कल्लप्पांकडं वळली आणि कन्नडमध्ये जवळजवळ मिनिटभर बोलली. आवाज चढला नव्हता, पण कल्लप्पा हळूहळू खुर्चीत मागं सरकत गेले. विरुपाक्षांना आधी ठसका लागला, मग ते हसू दाबायला उठून बाहेर गेले.

"काय बोलली आत्या?" सिद्धेश्वरीनं नंतर बाहेर येऊन विचारलं.

"भिंतीला कान लावणाऱ्याला," डोळे पुसत ते म्हणाले. "हे मराठीत नाही सांगता येणार. लहानपणी ती अशीच बोलायची. मी विसरलो होतो."

पुढचं सगळं काही एकदम गोड झालं नाही. सोमलिंग आईशी कन्नडमध्ये बोलायचं ठरवायचा आणि दुकानातून थकून आला की विसरायचा. शिवलीला रोज दोन शब्द शिकायची आणि तीन चुकवायची. 'मीठ' मागताना एकदा तिनं काहीतरी भलतंच मागितलं आणि आत्या तासभर हसली. कल्लप्पा दोन दिवस तोंड लपवून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला बायकोला घेऊन माफी मागायला आले आणि सातला उठले. तेव्हापासून ते रोज चारला येतात. चहा किती वेळा टाकायचा याबद्दल शिवलीलाची आता तक्रार आहे.

सिद्धेश्वरी पुढच्या रविवारी गेली ती आधी परवानगी मागायला. त्या नोंदीचं काय करू, तिनं विचारलं. आत्यानं विचार केला.

"वाक्यं तुजी. ती ठेव. बाकीचं माजं. ते काड."

वाक्य आणि बाकीचं एकातच गुंतलं होतं, म्हणून तिनं आत्यासमोर बसून अठ्ठावन्नाव्या वाक्याची सगळीच नोंद काढून टाकली. मग उरलेली सत्तावन्न वाक्यं घ्यायला यादी उघडली. पण त्या दिवशी कल्लप्पांची बायको आली होती, गौरव्वाचा विषय निघाला, दुधनीच्या बाजारातल्या कुठल्याशा बैलाचा निघाला, आणि आत्यानं यादीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सिद्धेश्वरी मोबाइल न काढता नुसती बसून राहिली. चौथ्या रविवारी तिला पहिल्यांदा एक विनोद अप्पांना न विचारता कळला. तो इतका साधा होता की तिला हसू यायला जरा उशीर झाला, आणि उशिरा हसली म्हणून बायका पुन्हा हसल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी तिची फाइल दोनदा चाळली.

"अठ्ठावन्नावं वाक्य नाही?"

"निवेदकानं, म्हणजे माझ्या आत्यानं, परवानगी मागे घेतली, सर."

"बरं. आणि चौसष्टपासून एकशेवीसपर्यंत? सगळी पानं कोरी आहेत. काय झालं, निवेदक आजारी पडल्या?"

सिद्धेश्वरीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम खिडकीकडं बघत होत्या.

"नाही, सर," ती म्हणाली. "बोलायला लागल्या."

परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि फाइलवर लाल शाईनं 'माहिती अपुरी' असं लिहून पन्नासपैकी सव्वीस गुण दिले.